डाव्या हाताचा मधुमेह

सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिना भरला होता, जिन्याखालचा बोळ भरला होता, आणि उरलेली मंडळी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर मुठीत एकेक द्राक्ष धरून बसली होती. ते खायची परवानगी नव्हती.

"साडेचारशे!" वरून आरोळी आली. मग पाण्याचा खळखळाट, आणि पुन्हा आरोळी, "उतरली! एकशे चाळीस!" त्यावर टाळ्यांचा कडकडाट. साखरबाबांनी आणखी एकाचा मधुमेह घालवला होता.

बाबांची रीत अशी. मधुमेहाच्या माणसानं समोर बसायचं, पिकलेलं द्राक्ष स्वतःच्या बोटांनी सोलायचं आणि बाबांना भरवायचं. लगेच शिष्य त्याच बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीला लावणार. आकडा बघून घरच्यांची बोबडी वळणार. मग रोग्याचे हात घंगाळातल्या 'अमृतजलात' चांगले चोळून काढायचे, बाबांनी डोळे मिटून पुटपुटायचं, आणि पुन्हा सुई. आकडा धाडकन खाली!

"साखर बोटांतून वाहून गेली," बाबा द्राक्ष चघळत सांगत. "आता गोळ्या बंद, सुया बंद. मशीन माझं नाही हो, विज्ञानाचं आहे. विज्ञान कधी खोटं बोलतं का?"

विज्ञानाला साक्षीला उभं करणारा बुवा मी पहिल्यांदाच पाहत होतो. दिवसभर इतकी द्राक्षं रिचवून याची स्वतःची साखर कुठे पोचली असेल, हा प्रश्न मात्र माझ्याशिवाय कुणालाच पडला नाही.

समोरचं औषधाचं दुकान माझ्या भाचीचं. मोठ्या शहरातल्या दवाखान्याच्या औषध विभागात ती बरीच वर्षं होती. मग आपल्या गावात आपलं स्वतःचं दुकान असावं, असं तिच्या मनानं घेतलं आणि माझ्या घराच्या पुढच्या खोलीत फळ्या ठोकल्या गेल्या. गावाला वाटलं, घरचंच दुकान झालं. "ती पिवळी गोळी दे गं, कडू असते ती," म्हणत लोक यायचे. ही विचारायची, "डॉक्टरांची चिठ्ठी?" लोक म्हणायचे, "हे दुकान आहे की कचेरी?" महिनाभरात तिचं नाव चिठ्ठीताई पडलं आणि पायऱ्या द्राक्षवाल्यांना बसायला मोकळ्या झाल्या.

नेमानं येणारं गिऱ्हाईक एकच, बाबांचा शिष्य. मशीनच्या पट्ट्या आणि टोचायच्या सुया तो तिच्याकडूनच न्यायचा.

"अगं, शत्रूला दारूगोळा विकतेस!" मी चिडून म्हणालो.

"मामा, अख्ख्या गावात तो एकटाच पावती मागून घेतो," भाची म्हणाली.

मला हसू आलं असतं, पण घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझी बायको, म्हणजे भाचीची मामी, शिवणकाम करते आणि वर्षानुवर्षं इन्सुलिन घेते. बाबा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती द्राक्ष भरवून आली आणि इन्सुलिन फ्रिजमधून काढून तिथे मुरांब्याची बरणी ठेवली. मी विरोध केला. भाचीनं हात जोडले. "तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही," असं म्हणून तिनं आम्हां दोघांना उडवून लावलं.

हळूहळू ती तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली. स्वतः शिवलेले कपडे तिच्याच अंगावर लोंबायला लागले. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा ती मला घेऊन पुन्हा बाबांकडे गेली. या खेपेला हात धुतल्यावरही आकडा साडेतीनशेच्या खाली येईना. बाबा क्षणभर चपापले, मग म्हणाले, "घरात एक अविश्वासू माणूस आहे. त्याची कडू नजर साखर धरून ठेवते."

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. त्या दिवसापासून माझं ताट उंबऱ्याबाहेर वाढलं जाऊ लागलं. अविश्वास अन्नात उतरू नये म्हणून! मी बाहेर बसून जेवायचो आणि आत ती घटाघटा पाणी पिण्याचा आवाज ऐकायचो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

भाचीच्या डोक्यात भलतंच काही घोळत होतं. "मामा, हा शिष्य पट्ट्या नेतो, सुया नेतो, पण टोचण्याआधी बोट पुसायचा कापूस कधी नेत नाही."

"चिक्कू असेल."

"फुकट दिला तरी परत केला. म्हणाला, बाबांना चालत नाही." मग ती पायरीवरच्या एका म्हाताऱ्याच्या मुठीतलं द्राक्ष मागून घेऊन सोलत बसली आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिली. "चला वर बाबांकडे, मामींनाही घ्या."

मामी आली, पण मला वाटेवर आणण्यासाठी. "माझा माणूस सुधारायला आणलाय," तिनं बाबांना सांगितलं.

"यांना मधुमेह नाही," भाची मोठ्यानं म्हणाली. "मामा, साबणानं दोन्ही हात धुवून पुसा. आता फक्त डाव्या हातानं द्राक्ष सोला. उजवा द्राक्षाला लावायचा नाही."

एका हातानं द्राक्ष सोलणं हे काय काम असतं, ते मला विचारा. दोन द्राक्षं घरंगळली, तिसऱ्याचा चेंदा झाला. भाचीनं आपलं मशीन काढून माझ्या चिकट डाव्या बोटाला टोचलं. चारशे वीस. लगेच उजव्याला टोचलं. एकशे दोन. दोन्ही आकडे तिनं गर्दीला फिरवून दाखवले.

"माणूस एक, रक्त एक, वेळ एक," ती म्हणाली. "मग मामांच्या फक्त डाव्या हाताला मधुमेह झालाय का?"

हॉल विचारात पडला. न्हावी म्हणाला, "होऊ शकतं. अर्धशिशी नसते का? तसा हा अर्धमधुमेह."

"मग आता डावा हातही धुवू. बाबांच्या पाण्यानं नको, नळाच्या." नळाच्या साध्या पाण्यात माझा अर्धमधुमेहही बरा झाला. एकशे चार!

"बाबा म्हणतात, साखर बोटांतून वाहते. अहो, ती बोटांवरच आहे, द्राक्षाची!" भाची म्हणाली. "रक्ताच्या थेंबात ती मिसळते आणि मशीन बिचारं तीही मोजतं. नुसतं पुसूनही ती पुरती जात नाही, धुवावी लागते. धुतल्यावर दिसतो तो आकडा तुमचा खरा. औषधं चालू होती म्हणून तो बरा होता, आणि तीच यांनी बंद करायला लावली."

बाबांना तेवढ्यात समाधी लागली. ती सगळे पांगेपर्यंत उतरली नाही.

सगळ्यांनाच पटलं असं नाही. एक गृहस्थ भाचीच्या अंगावर धावून आले. "माझी साखर गेली होती, तू परत आणलीस!" बाकीचे मात्र एकेक करून नळाशी हात धुवायला लागले. मामी कोपऱ्यात उभी होती. कुणी न सांगता तिनं हात धुतले आणि बोट पुढे केलं. आकडा चारशेच्या वर होता. यात द्राक्षाचा काहीच वाटा नव्हता. तिनं भाचीचा दंड घट्ट धरला. आम्ही तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी सलाइन लावलेल्या हातानं तिनं मला जवळ बोलावलं. "अहो, मी काही अगदीच खुळी नाही. तुम्ही रोज सकाळी विचारता, सुई घेतलीस का. ही विचारते, गोळी घेतलीस का. इतक्या वर्षांत 'तू बरी झालीस' असं म्हणणारा तो एकटाच भेटला हो."

भाची खाटेशी बसली. "मामी, सुई मी टोचून देत जाईन. रोज येईन, आणि सुईचं सोडून दुसरंच काहीतरी बोलत बसू."

तुम्हालाही असा कुणी भेटेल. रोज औषध घेऊन कंटाळलेल्या माणसाला तो नेमकं हवं तेच सांगेल, आणि वर यंत्रही दाखवेल. आनंद जरूर करा. पण औषध बंद करण्याआधी हात स्वच्छ धुवा, पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना विचारा. एवढी तपासणी ज्याला सोसत नाही, त्याचा चमत्कार आपल्या माणसाच्या जिवापेक्षा मोठा नाही.