समजून द्या

बेटेगावच्या जिवल्यानं जन्मभर ओझी वाहिली, पण त्या दिवशी मनोरच्या रस्त्याला त्यानं जे वाहिलं त्याला ओझं म्हणायची सोय नव्हती. छोटा हत्ती टेम्पो, आणि त्याच्यावर टपाच्याही वर दोन हात चढलेले थर्माकोलचे खोके. चिल्हार फाट्याच्या अलीकडं डोंगरावरून वारा सुटला, दोरी सैल झाली आणि वरचा एक खोका उडून शेतात पडला.

जिवल्यानं टेम्पो कडेला लावला आणि खोक्यामागं धावला. भात कापून झालं होतं, धसकटं पायाला टोचत होती, ऊन डोक्यावर तापलेलं. खोका बांधावर टेकायचा, जिवल्या जवळ गेला की पुन्हा उडायचा. भारे बांधणाऱ्या बाया कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"अगं बघा गं, टेम्पोवाल्याचं सामान पलालं!"

"धर धर दादा, नाय तं डहाणूला जाल!"

जिवल्या शेवटी त्या खोक्यावर आडवा पडला. खोका फुटला. चाळीस वर्षांचा बाप्या थर्माकोलच्या भुग्यात लोळतोय, हे बघायला नेमका त्याच वेळी शिवाजी येऊन थांबला. शिवाजी मूळचा सांगोल्याकडचा, पण पंधरा वर्षं बोईसरच्या टेम्पो नाक्यावर मुरलेला.

"आरं जिवल्या, काय पेरायलाईस रानात?"

"खोका उडाला, शिवाजीभाऊ."

"भाडं किती घेतलंस ह्या खोक्यांचं?"

"साडेतीनशे."

शिवाजीनं कानात बोट घालून हलवलं. "जाऊन-येऊन?"

"जाऊन-येऊन. हलकं हाय ना सामान! नव्वद किलो भरला सगला माल. किलोला चार रुपये लावले, वर धा सूट. गाडीपन दमत नाय."

शिवाजी हसायच्या आधी रस्त्याच्या कडेला खाली बसला, कारण उभ्यानं हसण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

आता जिवल्याला तरी बोल कसा लावायचा? त्याची सगळी उमर गवताच्या वखारीत गेली. तिथं गठ्ठा काट्यावर चढायचा, काटा बोलेल ती मजुरी. जड वाहिलं तर जास्त, हलकं वाहिलं तर कमी, हाच त्याला ठाऊक असलेला एकुलता एक न्याय. पुढं त्याच्या वरकस जमिनीत विजेचा टॉवर उभा राहिला, भरपाई आली, आणि तिच्यातून त्यानं हा जुना टेम्पो घेतला. टेम्पो आला, पण भाडं सांगायचं तोंड काही टेम्पोबरोबर मिळालं नाही. कोणी विचारलं, "किती घेशील?" की जिवल्या मान खाली घालायचा, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा आणि म्हणायचा, "समजून द्या."

लोक फार समजूतदार. कोणी समजून पन्नास दिले, कोणी समजून चहा पाजला. एकानं समजून नुसता आशीर्वाद दिला.

शेवटी त्याची बायको बायडी कावली. "आंधलं दलतंय आन कुत्रं पीठ खातंय! उंद्यापासून समजून नाय, सांगून घे." मग जिवल्यानं रात्रभर विचार करून वखारीचा काटा मनात उभा केला: किलोला चार रुपये. झालं! सोजराबाईची पिठाची चक्की बोईसरातून बेटेगावला आणायची होती, अंतर अवघं चार किलोमीटर. चक्कीचं वजन तीनशे किलो. जिवल्यानं छाती काढून सांगितलं, "बाराशे."

सोजराबाई म्हणाली, "अरे मेल्या, चक्की गावात आनायचीय, काशीला नाय न्यायची!" आणि ती दुसऱ्याच्या टेम्पोतून अडीचशेत घेऊन आली. उलट एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून थर्माकोलचा माल पाठवणारा मनीष सुपरवायझर, त्यानं मात्र हा वजनाचा भाव ऐकला आणि जिवल्याला खुर्ची दिली. "जिवल्याशेठ, आठवड्याला तीन खेपा तुमच्याच!" त्या दिवसापासून जिवल्या शेठ झाला आणि शेठ वारा वाहू लागला.

हसून झाल्यावर शिवाजीनं डोळे पुसले. "लेका, डिझेल काट्यावर चढून बघतंय व्हय, माल किती जड हाय? त्ये रस्ता बघतंय. गाडी भरली की भरली, मग कापसानं भरू दे न्हाईतर लोखंडानं. जायाचं धर, रिकामं माघारी यायाचं धर, माल उतरंस्तवर ताटकळायचं धर. ह्या खेपेचं बाराशे हुत्यात. तुला डिझेल किती लागलं?"

जिवल्यानं बोटं मोजली. "दोनशे ऐंशी."

"म्हंजे सत्तर रुपयं ऱ्हायलं. त्यातला खोका फुटला, त्याचं ऐंशी कापतील. धा रुपयं पदरचं घालून तू हितं लोळलास."

घरी आल्यावर जिवल्यानं हे सगळं बायडीला सांगितलं. लपवायचा विचार होता, पण केसांत थर्माकोल होता. बायडी चुलीपुढं भाकरी थापत होती. ती ओरडली नाही, आणि त्यानंच जिवल्या जास्त घाबरला.

"शनिवारी मुकादम येनार हाय," ती म्हणाली. "सुका, भिका, समदी भिवंडीकडं इटभट्टीवर निगाली. मीपन उचल घेते. स्वातीला संगं नेते."

"तिची शाला?"

"शालेत भात शिजतो दुपारचा. संध्याकाळी टेम्पो खायाचा काय?"

स्वाती पाचवीत होती. कोपऱ्यात बसून ती पुस्तकाला कव्हर घालत होती, तिचा हात थांबला. जिवल्याचं स्वतःचं दुसरीतलं नाव भट्टीवरच पुसलं गेलं होतं. एकदा उचल घेतली की पावसाळ्यापर्यंत सुटका नाही, आणि पावसाळ्यानंतर कुठली शाळा नि कुठलं काय.

"मला शनिवारपरत दे," तो म्हणाला. "मी भाडं सांगून दाखवतो."

"मला सांगून काय उपेग? मला तं तू लय सांगतंस."

दुसऱ्या दिवशी जिवल्या कारखान्याच्या गेटवर गेला. वाटेत त्यानं स्टेअरिंगला बाराशे सांगून बघितले, शंकराच्या देवळापुढं सांगितले, एका म्हशीला सांगितले. म्हैस काही बोलली नाही, म्हणून त्याला धीर आला. मनीषपुढं उभा राहून त्यानं डोळे मिटले आणि बोलला, "बाराशे."

"कसले?"

"खेपंचे."

मनीष हसला. "शेठ, ऊन लागलं का? साडेतीनशेचे बाराशे? उद्यापासून येऊ नका. छप्पन टेम्पो मिळतात."

झालं! होती ती खेपही गेली. बुध आणि गुरुवार जिवल्याचा टेम्पो नाक्यावर उभा. बायडीनं उंबऱ्याशी दोन बोचकी बांधायला काढली. जिवल्या त्यांच्याकडं न बघता घरात शिरायचा आणि न बघता बाहेर पडायचा.

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. मनीष होता. आवाज पार उतरलेला. "जिवल्याशेठ, बाकीचे सगळे पंधराशे मागतात हो. खोके पाहिले की टेम्पोवाले पळतात. तुमचे बाराशे कबूल. सोमवारपासून या."

बायडीनं कान लावला होता. तिच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा उजेड आला. समोरचा माणूस स्वतःहून हो म्हणाला होता, आता नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण इतका मोठा साहेब आपल्यापुढं नमला, याची जिवल्यालाच लाज वाटली. तो गडबडीनं म्हणाला, "नाय नाय साहेब, एवडं कशाला? अकराशे द्या!"

बायडीनं कपाळावर हात मारला, तो आवाज मनीषलाही ऐकू गेला असेल.

"तो बारा देत होता! तू उलटा पायऱ्या उतरलास! अरे, तुझं तोंड हाय का फुटका रांजन?"

"त्याला बरं वाटावं म्हनून—"

"मंग त्याच्याच घरी जाऊन ऱ्हा. आठवड्याला तीनशे गेले, बोलता बोलता! आज शंभर सोडलेस, उंद्या तो पुन्यांदा साडेतीनशेवर आनील तुला. मी नाय थांबत. उंद्या उचल घेते."

खरं सांगायचं तर जिवल्यालाही स्वतःचा भरवसा वाटत नव्हता.

शनिवारी सकाळीच कमलाकांत मुकादम आला. पांढरे कपडे, काखेत बॅग. सुकाच्या अंगणात पाच घरांतली माणसं जमली. मुकादम नोटा मोजून देत होता आणि वहीवर अंगठे घेत होता. बायडी रांगेत उभी होती, तिच्यापुढं दोघं उरली होती. जिवल्या टेम्पोला टेकून उभा, हातात फडकं, उगाच आरसा पुसत.

मुकादमाचं लक्ष टेम्पोकडं गेलं. "जिवल्या, तुझाच ना हा? भट्टीची गाडी बिघडली. मान्सं एस्टीनं जातील, पन यांची बोचकी, भांडी, तांदूल, कोंबड्या, सगलं उंद्या न्यायचं हाय. किती घेशील?"

सगळं अंगण जिवल्याकडं बघायला लागलं. बायडीही. जिवल्याचा अंगठा मातीत रुतला. जाताना पंच्याहत्तर किलोमीटर, रिकामं येताना पंच्याहत्तर. डिझेल साडेआठशे. दिवस सगळा मोडणार. त्यानं मनाशी जुळवलं आणि सांगून टाकलं.

"चार हजार."

"दिले," मुकादम म्हणाला.

इतक्या पटकन! जिवल्याची छाती फुगली. सवयीनं आता भाव खाली आणायची वेळ आली होती, पण त्यानं दात घट्ट मिटून धरले. बायडीकडं बघितलं तर ती त्याच्याकडं बघत नव्हती, सुकाच्या बायकोकडं, कमळीकडं बघत होती. कमळीचा चेहरा पडला होता.

"जिवल्यादादा," कमळी हळू आवाजात म्हणाली, "ते आमच्याच उचलीत लिवनार. घरटी आठशे."

जिवल्याची छाती खाली बसली. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, ते नेमकं शेजाऱ्याला चावलं! ही माणसं त्याच्याबरोबर वखारीत राबलेली. सुकानं तर टेम्पो आला तेव्हा पहिला नारळ फोडला होता.

"मुकादम," तो म्हणाला, "भाडं तुमचं का यांचं?"

"सामान त्यांचं, भाडं त्यांचं. माजं काय?"

"मंग मी यांच्यासंगं ठरवतो. तुमी नका लिवू."

"अरे, चार हजार कबूल केले ना तुला?"

"तुमी केले. तुमाला कुठं द्यायचे हायेत?"

भिका हसला, मग तोंडावर हात ठेवला. जिवल्या सुकाजवळ उकिडवा बसला. सुका म्हणाला, "काय घेशील ते आमी देऊ रे."

पूर्वीचा जिवल्या असता तर त्यानं ते दोन शब्द बोलून टाकले असते. आताही ते जिभेवर आलेच होते. त्यानं ते गिळले आणि जमिनीवर काडीनं आकडे ओढले. "बावीसशे. घरटी चारशे चालीस. साडेआठशे डिझेलचे, बाकी माजी मजुरी. याच्याखाली नाय हां सुका, माजंपन घर हाय."

"चालंल की," सुका म्हणाला. कमळीनं डोळ्याला पदर लावला.

चार हजारातले अठराशे जिवल्यानं सोडले होते. लोकांनी त्याला आजवर कितीतरी वेळा बुडवला होता, पण आपण किती सोडतोय आणि कोणासाठी, हे त्याला आज पहिल्यांदा ठाऊक होतं. त्यानं भीत भीत बायडीकडं बघितलं. शिव्या येणार, असं त्याला वाटलं.

बायडीची पाळी आली होती. मुकादमानं वही पुढं केली. ती वहीकडं बघत राहिली, मग रांगेतून बाजूला झाली. "माजं नाव काटा. सोमवारी पोरीची परीक्षा हाय," ती म्हणाली आणि जिवल्याला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली, "आन याला एकटं सोडलं तं हा टेम्पोपन कुनाला समजून देल."

मुकादमाचा सगळा विचका झाला होता. वही बॅगेत कोंबत तो म्हणाला, "बरं बरं. मग उंद्या मी पन येतो तुझ्या टेम्पोत. पुढं बसंन."

"बसा की. तीनशे रुपये."

"कसले तीनशे?"

"शीटचे."

"अरे, एस्टीला सव्वाशे पडतात!"

"मंग एस्टीनं या."

अंगणातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. एवढं खणखणीत कोण बोललं, ते बघायला जिवल्यानंच मागं वळून बघितलं. मागं टेम्पो होता, आणि टेम्पोत कोणी नव्हतं.