पाया पडू नये

मांजरपाटाच्या पिशव्या, वाळू भरलेल्या. एका डोक्याला दोन.

हसू नये. खोकू नये. कुशीवर वळू नये.

रूपरावांची वाढलेली दाढी.

कापसाच्या जिनाच्या रिकाम्या शेडमध्ये अजून सरकीचा वास.

छाती धडधडते म्हणून दवाखान्यात काढलेली ईसीजीची कागदाची पट्टी. डॉक्टर म्हणाले, यात काही नाही.

आंजी गावच्या रूपरावांनी १९७७ साली शेती पोराच्या हवाली केली आणि ओट्यावर बसले. आधी झोप गेली, मग भूक, मग ही धडधड. पेरणी कधी करायची, हेसुद्धा त्यांना कोणी विचारेना. धडधाकट माणूस दिवसभर रस्त्याकडे बघत बसला की आतून पोखरला जातो. ते कागदाच्या पट्टीवर उमटत नाही.

माघात जिनाच्या शेडमध्ये मोतीबिंदूचं शिबिर भरलं. शाळामास्तर अण्णाजी सेवेकरी गोळा करत फिरत होते.

“रूपरावजी, ओट्याले कोंब फुटले का?”

“काऊन?”

“इतके दिवस बसून राह्यले म्हणून इचारलं. उद्या शेडमधी येजा. अन् दाढी करून येजा.”

“आंधळ्याइले दाढी दिसते का?”

“येतीन आंधळे. जातीन पाहून.”

ऑपरेशन झालेल्यांना उताणं पडून राहावं लागे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. रूपराव चमच्यानं पेज भरवत, लघवीची भांडी उचलत, कुणाला खोकला आला की दोन्ही हातांनी डोकं धरत. काही दिवसांतच त्यांना अशी झोप लागली, की सकाळी सुनेला हलवून उठवावं लागलं. जेवताना त्यांनी आणखी एक भाकर मागितली.

आणखी एक गोष्ट होती. ऑपरेशनला जाण्याआधी रोगी त्यांच्या पाया पडत. सुरुवातीला ते पाय मागे घेत. पुढे घेईनासे झाले. बरं वाटायचं. खोटं कशाला, औषधासारखं लागू पडायचं.

देवकाबाई एका खेड्यातली म्हातारी मजूर, शिबिराला एकटीच आलेली. तिची पट्टी उघडायची होती त्या सकाळी रूपरावांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि समोर उभे राहिले. पट्टी निघाली. तिला आधी पांढरं धोतर दिसलं, मग त्याखालचे पाय. डॉक्टर औषध घ्यायला वळले तेवढ्यात ती वाकली, थेट कपाळ पायांवर. टाका उसवला. डोळ्यातून रक्त आलं, तरी तिचे हात पायांवरच होते.

“वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना,” डॉक्टर हळूच म्हणाले. रूपरावांना कोणी बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शेडकडे गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ओट्यावर बसल्या बसल्या छाती पुन्हा धडधडू लागली. शेवटी उठले, गेले, आणि देवकाबाईच्या गादीशी पाय पोटाशी घेऊन जमिनीवर बसले. तिच्या डोळ्यांवर पुन्हा पट्टी होती.

“कोण हाय?”

“रूपराव.”

“आले का? मले वाटलं रागावले.”

“पाया काऊन पडली तू? वाकायचं नाई, सांगतलं होतं.”

“मंग का देऊ तुमाले? पेज तुम्ही पाजता, भांडं तुम्ही फेकता. माह्यापाशी दुसरं काय हाय?”

रूपरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ओट्यावर बसून आपल्याला जे झालं, तेच हिला इथं पडून झालं होतं. आणि आपण पाय पुढे करून उभे होतो.

ते सिस्टरकडून कापसाचा गुंडाळा घेऊन आले आणि तिच्या हातात दिला.

“याचे बोळे वळ. डोळे पुसाले लागतात. सिस्टर मंग वाफवून घेते.”

ती वळू लागली. मान पिशव्यांमध्ये स्थिर, हात पोटावर चालू. बोळे घट्ट आणि सारखे. बाजूच्या गादीवर तानबा नावाचा म्हातारा कान देऊन होता.

“इकडंबी द्या जरासा,” तो म्हणाला. “मी का फुकट खाऊ हावो?”

“तुले जमन का?” देवकाबाई म्हणाली.

“वाती वळत होतो, बाई. बायको मेल्यापासून.”

रूपराव शिबिर उठेपर्यंत येत राहिले आणि पुढच्या माघातही आले. कुणाची पट्टी उघडायची असली की ते आधीच खाली बसत, पाय धोतराखाली झाकून.

देवकाबाईचा तो डोळा गेलाच.

दिसेनासं झाल्यापासून, शिबिराच्या आधीच्या कितीतरी हंगामांत तिला कापूस वेचायला कोणी बोलावलं नव्हतं.