कामगार वाच

बाळ पाटणकरांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं दार उघडलं की आधी एक लोखंडी कपाट दिसायचं आणि मग पाटणकर. त्यांना हा क्रम मान्य होता. मोहन्याच्या एका कारखान्यातलं कामगार वाचनालय सांभाळण्यात त्यांची उभी नोकरी गेली. वाचनालय बंद झालं तेव्हा हे कपाट आणि कोणालाच नको असलेली पुस्तकं त्यांच्या पदरात पडली. कपाटाचा हिरवा रंग उडालेला, कडांना गंज, एका दाराला पोचा. 'कामगार वाचनालय' या अक्षरांपैकी 'कामगार वाच' एवढंच उरलेलं.

यंदा श्रावणात सूनबाईंनी जाहीर केलं की दाराजवळच्या जागेला आता 'एन्ट्री' म्हणायचं आणि ती इंडस्ट्रियल स्टाइलची करायची.

"म्हणजे कशी?" पाटणकरांनी विचारलं, आणि विचारायला नको होतं असं त्यांना लगेच वाटलं.

"फॅक्टरीसारखी, बाबा," संचिता म्हणाली. "विटा, पाइप, गंजलेलं लोखंड. एकदम रॉ लुक."

ठाण्याहून क्षिप्रा नावाची डिझायनर आली. चांगल्या गिलावा केलेल्या भिंतीवर तिने विटांचा कागद चिकटवला, म्हणजे गिलावा करायचा राहून गेलाय असं वाटावं. ज्यांतून पाणी येतं ते पाइप फळीआड झाकले आणि ज्यांतून कधीच येणार नाही ते दर्शनी भागात लावले. एका कोऱ्या करकरीत पत्र्यावर मीठ आणि व्हिनेगर शिंपडून तो गॅलरीत गंजायला ठेवला. आठवडाभर घरात त्या पत्र्याच्या तब्येतीची विचारपूस चालू होती. मुलगा महेंद्र ऑफिसातून फोन करायचा, "गंजला का?" वडिलांच्या बायपासच्या वेळी त्याने इतके फोन केले नव्हते. तेव्हा तो कामात असेल, अशी पाटणकरांनी स्वतःची समजूत घातली.

एवढा कारखाना घरात यायचा तर जागा हवी. म्हणून कपाट भंगारात द्यायचं ठरलं.

"गंजलंय हो ते," महेंद्र म्हणाला. "बरं दिसत नाही."

पाटणकरांनी पत्र्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. त्यांना एक मुद्दा सुचला होता, पण तो बरोबरच असेल याची खात्री वाटेना.

"पुस्तकांना जागा..." एवढंच ते म्हणाले.

"पीडीएफ मिळतात आता सगळ्याच्या."

कपाट पुस्तकांसकट बाहेर लिफ्टसमोर ढकललं गेलं. भंगारवाला संध्याकाळी येणार होता. पाटणकर खुर्ची घेऊन कपाटाच्या शेजारी बसले, आजाऱ्यापाशी बसावं तसे. तेवढ्यात लिफ्टमधून क्षिप्रा बाहेर आली आणि जागीच थांबली.

"हे कुठून सोर्स केलंत?"

आवाज ऐकून बाहेर आलेल्या संचिताने नवऱ्याकडे पाहिलं.

"मोहन्याचा पीस आहे," महेंद्र क्षणभरही न अडखळता म्हणाला. "जुन्या फॅक्टरीतला. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"ही अक्षरं बघ ना," क्षिप्रा म्हणाली. "आणि हा लाल पॅच. असा जुनेपणाचा पॅटिना मुद्दाम करायला गेलं तर जमत नाही."

तो लाल पॅच म्हणजे पाटणकरांच्या बायकोने, मालनने लावलेलं कुंकू होतं. दर दसऱ्याला ती कपाटाला हळदकुंकू लावायची. ती गेल्यापासून ते कोणी पुसलं नव्हतं आणि नव्याने लावलंही नव्हतं. हे सांगायला पाटणकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पॅटिना म्हणून का होईना, कुंकू राहत होतं.

कपाट सन्मानाने आत आलं.

"आतलं सामान काढून टाकू," क्षिप्रा म्हणाली. "लाइट सोडू आणि दोन जुने मीटर ठेवू."

महिनाभर कानावर पडून एक शब्द पाटणकरांना पाठ झाला होता.

"पुस्तकं काढली," ते म्हणाले, "तर लुक जाईल."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आयुष्यभर त्यांनी वाचन, संस्कार, ज्ञान असले शब्द वापरून पाहिले होते आणि घरात कोणी मान वर केली नव्हती.

"काका बरोबर बोलतायत," क्षिप्रा म्हणाली. "पुस्तकं राहू दे. फक्त तिरकी लावू."

आता पाहुणे आले की संचिता सांगते, "सगळी ओरिजिनल आहेत. पिवळेपणासुद्धा."

परवा दुपारी पाटणकरांनी त्यातलं एक पुस्तक काढलं.

"वाचा हं बाबा," संचिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "फक्त परत ठेवताना तिरकंच ठेवा."

"हो," पाटणकर म्हणाले. त्यांनी जन्मात पुस्तक तिरकं ठेवलं नव्हतं. तेव्हा परत ठेवायची वेळ होईल तितकी लांबवावी, असं ठरवून ते न येणाऱ्या पाण्याच्या पाइपाखाली बसले आणि प्रस्तावनेपासून वाचायला लागले.