मांडीवरची जागा

हसू नका, मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला लटकलेली, विटकरी रबराची. आता अंगाला चिरा पडल्यात. पण एके काळी या घरात मांडीवर बसायचा मान माझा होता.

आईनं मला लग्नाआधीच औषधाच्या दुकानातून आणलं. गार वारा सुटला की तिचे गुडघे ठणकायचे, दंडांवर लाल गांधी उठायच्या. ती मला भरून शालीखाली घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं मावळायचं. "हिला थंडी बाधते, नाजूकच आहे," सासूबाई म्हणायच्या आणि विषय संपायचा.

मग मुलगी झाली. पहिल्याच हिवाळ्यात तिच्या अंगभर गांधी फुलल्या, वर ताप, सुजलेले सांधे. आईची मांडी तिनं बळकावली. माझा नुसता जळफळाट! पण आई मला लेकीच्या पायांशी ठेवू लागली आणि मी निवळले. मला हलवलं की पोटातलं पाणी गुडगुडायचं. ती रडं विसरून मान वळवायची. तिला हसवणारी मीच, असा मला ताठा होता.

शाळेत जायला लागली तशी ती वळेनाशी झाली. मला वाटलं, आता मी आवडत नाही. कान अधू होत चाललेत, हे मलाच काय, कुणालाच कळलं नाही.

कळलं ते मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना. शरीर विनाकारण आपल्याच आत आग पेटवतं, त्यातच कानही बिघडतात आणि त्या आगीचं मूळ एका जनुकातल्या दोषात आहे, असं त्यांनी सांगितलं. आईबाबांचंही रक्त तपासलं. दोघांचं स्वच्छ निघालं.

"म्हणजे दोष हिच्यातच नव्यानं आलेला दिसतोय. घरात आणखी कुणाला असे ताप येतात?"

"नाही हो," आई म्हणाली.

इंजेक्शनं सुरू झाली आणि त्यांच्याबरोबर माझी सवत घरात आली. निळी पेटी, आत बर्फाच्या थैल्या. तिला फ्रीजशेजारी खास जागा, प्रवासात खिडकी. उकळतं पाणी पोटात घेऊन मला जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते त्या थंड बयेनं थोड्या दिवसांत करून दाखवलं. ताप गेला, गांधी गेल्या. गेलेलं ऐकणं तेवढं परत आलं नाही. कानाला मशीन लागलं. घरभर पेटीचंच कौतुक. सासूबाई तर ओरडायच्या, "पेटीला धक्का लावू नका रे!" मी पडले तेव्हा कुणी साधं "अरेरे" म्हटलं नव्हतं.

आईला पुन्हा दिवस गेले. या बाळाला धोका नाही, असं सगळे धरून चालले होते. मुलीच्या तपासणीला गेलो त्या दिवशी बोचरं वारं होतं. आईच्या मांडीवर पेटी ऐटीत बसलेली आणि तिच्याखाली, शालीआड, चोरासारखी मी. तिचा सगळा भार माझ्या बुचावर! सोसलं, सोसलं आणि सोडून दिलं पाणी.

"अगंबाई!" आई ताडकन उठली. फरशीवर थारोळं.

डॉक्टरबाई धावत आल्या. "पाणी गेलं? अहो, अजून दिवस कुठे भरलेत?"

आईनं लाजेनं मला बाहेर काढलं.

"हिला अजून लागते ही पिशवी?"

"माझी नाहीच ती," मुलगी म्हणाली. ती जरा मोठ्यानंच बोलते. "आईची आहे. गार वाऱ्यात तिलाही माझ्यासारखंच होतं. फक्त थोडंसं."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही तापाचं विचारलंत, डॉक्टर. मला ताप कधीच आला नाही. अंगावर उठणं हा काय आजार झाला?"

डॉक्टरबाई खाली बघत राहिल्या. "ही मोझॅकची फरशी लांबून पांढरीच दिसते, पण मधे मधे काळे खडे आहेत. तुमच्या शरीरातही तसंच असेल. दोष थोड्याच पेशींत, म्हणून त्रास थोडा. साध्या तपासणीत तो निसटला. पण ज्या बीजातून मूल होतं त्यातच तो असला, तर मुलाच्या सगळ्या अंगात उतरतो."

आईचा हात पोटावर गेला. "मग याचं काय?"

"जन्मल्याबरोबर तपासू. कान बिघडायच्या आत."

बारकाईनं केलेल्या तपासणीत आईचा दोष सापडला. बाळातही तो निघाला, पण औषध वेळेवर सुरू झालं. पुढे आईलाही तेच औषध मिळालं आणि तिचे गुडघे ठणकायचे थांबले. माझी शेवटची मांडीही गेली. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणा ना!

तरी अधूनमधून मुलगी मला खिळ्यावरून काढते. नळाचं पाणी भरते, बाळाच्या मागे उभी राहते आणि मला अगदी हळूच हलवते. बाळ झटकन मान वळवतं.

"आई, वाजली का गं? मला नाही ऐकू आली," ती ओरडते, "पण ते वळलं! बघ, वळलं!"

म्हणून एकच मागणं आहे. चिरा वाढल्या तरी मला फेकू नका. आणि त्या निळ्या पेटीलाही एकदा हलवून बघा म्हणावं. एक अक्षर फुटणार नाही तिच्या तोंडून.