रानातला मातीचा तट

मित्रांनो, मी एक जुना तट आहे. दगडी नव्हे हं, साध्या मातीचा! वस्तीच्या राखणीसाठी माणसांनी खंदक खणला आणि त्याच मातीच्या पाट्या ओतून मला उभं केलं. बायकांनी तुडवून तुडवून मला घट्ट केलं. "नवऱ्यावर काढतेस तेवढा राग काढ गं!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळी ओळ खो खो हसली. ते हसू अजून माझ्या अंगात मुरलेलं आहे.

पुढे वस्ती उठली. कुठे गेली, ते मला सांगूनसुद्धा गेली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग झाडं आली. मुळांनी मला धरून ठेवलं, पानांनी पांघरूण घातलं आणि शेकडो वर्षं मी गुंगीतच काढली. कधी लाकूडतोडे यायचे. माझ्यावरून ओंडके ओढताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा, मग काय, शिव्यांची लाखोली!

एके दिवशी वर विमान घिरट्या घालू लागलं. लाकडाच्या गाड्यांसाठी रानातून सरळ रस्ता काढायचा होता. विमानातून सोडलेले किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात आणि झाडांखालची जमीन संगणकावर दिसते म्हणे. नकाशा करणाऱ्या मुलीला तिथे एक वाकडी रेघ दिसली. ती रेघ म्हणजे मी!

तिचे साहेब म्हणाले, "विमान हललं असेल. पुसून टाक."

रेघ पुसली की रस्ता माझ्यावरून जाणार आणि माझी माती होणार. पण मुलीचा बाप याच रानात जन्मभर लाकूड तोडत होता. तिने त्याला फोन लावला.

"बाबा, ओढ्यापलीकडची जमीन सपाट आहे ना?"

"सपाट? अगं, त्या मेल्या उंचवट्याने माझी कंबर मोडली आणि तू सपाट म्हणतेस!"

रेघ राहिली. रस्ता वळसा घेऊन गेला. हे सगळं मला कळलं ते त्या बापलेकींच्याच तोंडून, कारण पुढच्या आठवड्यात दोघं माझ्यावर येऊन बसली.

"हा उंचवटा माणसांनी रचलाय, बाबा. पाटी पाटी माती टाकून. बघ, शेजारी खंदक अजून दिसतोय."

 म्हातारा माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "माफ कर बाबा. तूही कुणाच्या तरी कंबरा मोडूनच उभा राहिलास की."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. काहीही पुसण्याआधी, तिथे राबलेल्या एखाद्या माणसाला विचारा.