घटना टोचणारी पाटी

मी एक जुनी ब्रेल पाटी आहे. पितळेच्या दोन पट्ट्या, एका बाजूला बिजागरी आणि वरच्या पट्टीत इवल्या खिडक्यांच्या ओळी. मध्ये जाड कागद धरायचा, टोचणीने एकेक ठिपका उठवायचा. लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे; कागद उलटला की बोट डावीकडून उजवीकडे वाचते. म्हणून मित्रांनो, मी जन्मभर सारे उलटेच पाहिले.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात एका तांबटाने मला घडवले, ते अंधांच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेसाठी. तिचे नाव सालहा. वीस वर्षांची, जन्मांध. त्याच वर्षी, १९५९ साली, स्वतंत्र देशाची राज्यघटना आली. शंभर वर्षांपूर्वी राजाच्या काळातही एक होती, पण ती तीनच वर्षांत गुंडाळली गेली, असे तिचा थोरला भाऊ खमीस सांगे. तो पोस्टात कारकून होता.

दुपारी गच्चीवर समुद्राचा वारा येई, मोगरा दरवळे. खमीस राजपत्र वाचे आणि सालहा टोचे. उन्हाळा सरता सरता चौसष्ट कलमे झाली. शाळेत एका मुलीने पानावर बोट फिरवले आणि ती खुदकन हसली. "बाई, देश गुदगुल्या करतो!" त्या दिवशी मला फार धन्य वाटले.

मग १९७५ चा वसंत आला. खमीस बदललेली कलमे वाचत होता. एका जागी त्याचा आवाज घसरला आणि पुढे गेला. सालहाची टोचणी थांबली.

"दादा, काय गिळलंस?"

"काही नाही गं. लिही पुढचं."

"मला दिसत नाही, ऐकू येतं. पान फार लवकर उलटलंस."

"अगं, माझी सरकारी नोकरी. तू हे पोरांच्या हातात देतेस. कुणी विचारलं, बाईंना हे वाचून कुणी दाखवलं, तर?"

"सरकारनेच छापलंय ना? मग मी काय चोरी करतेय?" तिचा आवाज बारीक झाला. "तू गाळलंस की माझ्यापुरतं ते नाहीच, दादा. मी कुणाकडे बघू?"

खमीसने पान मागे उलटले. मग त्याने ते वाचले: अध्यक्ष तहहयात राहतील. सालहाने बोथट काडीने जुने ठिपके दाबून सपाट केले आणि नवे टोचले. तो एक शब्द लिहिताना तिने माझ्यावर इतका जोर दिला की बिजागरी कुरकुरली. त्यानंतर खमीसने कधी काही गाळले नाही. उलट "स्वल्पविराम!" असेही ठणकावून सांगू लागला.

१९८८ मध्ये 'तहहयात' सपाट झाले, त्या जागी मुदतीची मर्यादा टोचली गेली. २००२ मध्ये ती मर्यादाही दाबली गेली. तिसऱ्यांदा दाबताना कागद फाटला. "इथे बोट आत जातं हं, जपून," सालहा मुलांना सांगे.

२०११ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, ती घटनाच बाजूला ठेवली गेली. २०१४ ला नवी आली. तिचे पहिले कलम जुन्यासारखेच, शब्दन्‌शब्द. तेवढे सालहाने माझ्यावर टोचले. पण बोटे आखडली होती. भाचीने बोलणारा फोन दिला आणि मी खणात गेले. अंगावर हिरवा कळंक चढला. अंधारात मला स्वप्ने पडत: गच्चीवरच्या आभाळात ठिपके उगवत, कुणीतरी मोठा अंगठा फिरवी आणि आभाळ सपाट होई. पुन्हा उगवत.

२०२२ च्या उन्हाळ्यात खण उघडला. आणखी एक घटना आली होती. फोनने ती एका दुपारीत वाचून संपवली. खमीसलाही आता मोतीबिंदूने धूसर दिसे.

"छान वाचतो की तुझा फोन," तो म्हणाला.

"नुसता धावतो मेला. बोट ठेवायला जागाच देत नाही."

तिने मला लिंबाने घासले. आता रोज दोन ओळी होतात. पहिले कलमही या वेळी बदलले आहे. एकशे बेचाळीस कलमे आहेत आणि सालहा त्र्याऐंशीची. खमीसने काल काळजीने विचारले, "होईल का गं पुरं?"

"जेवढं होईल तेवढं माझं," ती म्हणाली.

मित्रांनो, पितळ घासले की पुन्हा उजळते, म्हणून माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकू नका. आणि तुमच्या नावाने लिहिलेले काही बदलले, तर कुणी सांगेल म्हणून थांबू नका. हळू का होईना, एकेक अक्षर स्वतः वाचा.