इंजिन बंद करायची जागा

लिदियानं दुर्बिणीची काच बाहीला पुसली आणि पुन्हा डोळ्यांना लावली. कड्यावर पालथं पडून तिच्या कोपरांना मुंग्या आल्या होत्या. खाली किनाऱ्यावर वाळू म्हणून दिसत नव्हती. नजर जाईल तिथवर वॉलरसच. एकमेकांच्या पाठीवर सुळे टेकून घोरणारे, गुरगुरणारे, आणि आयांच्या मधे चेपून झोपलेली या सालची पिल्लं.

"आली बघ," शेजारी पडलेले गेमाउगे मामा पुटपुटले. "रबरी होडी. आपल्या गावची नव्हे."

"आपली असती तर एवढी बोंबलत आली असती का?"

समुद्रावरचा बर्फ वितळला की हे बिचारे जीव विसाव्याला इथे येतात. मग गावकरी कुत्री टेकडीमागे नेऊन बांधतात, दार आपटणाऱ्याला धपाटा मिळतो, आणि कुठलीही होडी टोकाच्या काळ्या दगडापाशी आली की इंजिन बंद, पुढे वल्ही. कळप एकदा बिथरला की सगळे पाण्याकडे धावतात आणि पिल्लं पायदळी जातात, आयाही जातात. गेल्या साली एक विमान फार खालून गेलं. मेलेली जनावरं तपासायचं काम लिदियाचंच, गावातली शिकलेली जीवशास्त्रज्ञ तीच. ते काम तिनं रडत रडत केलं. सुळे चोरणाऱ्यांनी मात्र त्यातून भलताच धडा घेतला. गोळ्या कशाला वाया घालवायच्या? नुसतं भेदरवायचं, आणि चेंगरून मेलेल्यांचे सुळे उपटून न्यायचे. अशी टोळी इकडे येणार, ही कुणकुण लागल्यापासून ती या कड्यावर ठाण मांडून होती. कोण असेल तो शहरातला उपरा, त्याला पुरून उरू, याबद्दल तिला शंका नव्हती.

होडी काळ्या दगडापाशी आली आणि इंजिन थांबलं.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "बिघडलं वाटतं."

लिदियाला ते पटेना. उपरा कशाला बंद करेल? त्याला तर आवाजच करायचाय. तिनं दुर्बीण इंजिनाशी बसलेल्या माणसावर रोखली. डावा खांदा जरा पडलेला, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"मित्या आहे," ती म्हणाली.

आईशी भांडून शहरात गेलेला तिचा धाकटा भाऊ. मामांनी एक शिवी अर्ध्यावर गिळली.

"चला मामा. भाऊबंदकी नंतर."

कड्याच्या आडोशाला कातड्याची होडी तयारच होती. वल्ही पाण्यात अलगद बुडत होती. वारा कळपाकडून येत होता, म्हणजे वासाची भीती नव्हती.

"बंदूक घे म्हणालीस, आणि आता वाजवायची नाही म्हणतेस," मामा कुजबुजले. "मग काय लोणचं घालू तिचं?"

"अस्वलासाठी घेतली होती. भाला द्या इकडे."

रबरी होडीत दोघंच होते. पुढे बसलेला दांडगा माणूस नव्याकोऱ्या भगव्या पोशाखात होता. तो मित्यावर खेकसत होता, "दोरी ओढ! चालू कर म्हणतो ना!" मित्या इंजिनाची दोरी हातात धरून नुसता बसला होता. बहिणीला पाहून त्यानं मान खाली घातली.

भगव्यानं वळून पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. काठावरच्या दोनचार वॉलरसांनी माना वर केल्या.

"बाई, बंदूक आहे ना? मार की गोळी! माझं काम तूच करून टाक!"

त्यानं खिशातून पिस्तूल काढलं. संकटात सापडलेली जहाजं लाल बार उडवतात, तसलं. त्याचा हात आकाशाकडे जाऊ लागला.

होड्या एव्हाना एकमेकींना खेटल्या होत्या. लिदियानं भाला रबरात खुपसला, फिरवला आणि उपसला. फुस्स करून हवा सुटली. वॉलरसही श्वास असाच सोडतात. कळपातल्या कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. होडी एका कुशीवर कलली, भगवा गुडघ्यांवर आपटला आणि बर्फगार पाणी त्याच्या मांडीवर चढलं.

"आता ऐक," लिदिया हळू आवाजात म्हणाली. "पिस्तूल इकडे दे, मग तुला वर घेते. बार उडवलास तर ही सगळी धुडं पाण्यात येतील, आणि तू त्याच पाण्यात असशील. पोहता येतं?"

त्याचे दात वाजायला लागले होते. त्यानं पिस्तूल दोन्ही हातांनी पुढे केलं, प्रसाद दिल्यासारखं. मामांनी त्याला मानगुटीला धरून आत ओढलं, आणि तो "आई गं" म्हणणार तोच त्याच्या तोंडावर आपला पंजा ठेवला. मित्या आपला आपण चढला.

काठावरच्या माना एकेक करून खाली गेल्या. लिदियाला एकदम हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

टोक मागे पडलं तसा मामांनी पंजा काढला. भगव्यानं साऱ्या गावाचा उद्धार सुरू केला. कुणी लक्ष दिलं नाही.

"मला वाटलं, पडलेलेच सुळे गोळा करायला चाललायस," लिदिया मित्याला म्हणाली. खरं तर तिला तसं वाटलं नव्हतं. तिला तसं ऐकायचं होतं.

"नाही ताई. मला सगळं माहीत होतं." तो ओल्या हातमोज्यांकडे बघत होता. "ठरवून आलो होतो. दगड दिसला आणि बंद केलं. का केलं, कळलंच नाही. मग पुन्हा चालू करवेना."

मामा वल्हवत राहिले. समोर सीमारक्षकांची चौकी दिसू लागली होती. धक्क्यावर कुणीतरी त्यांना पाहून उभं राहिलं.

"एकच होता म्हण," मामा समोर बघत म्हणाले. "पोराला मी इथेच उतरवतो. कोण विचारतंय?"

लिदियानं नुसतं ‘एकच’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गेल्या सालची ती तुडवलेली पिल्लं तिच्या डोळ्यांपुढे आली.

"दोघं होते," ती म्हणाली. "मित्या, मी दोघंच सांगणार."

"सांग ना."

त्यानं भिजलेले हातमोजे काढून टाकले, होडीच्या बुडाशी पडलेलं वल्हं उचललं आणि चौकीच्या दिशेनं असं जोरात वल्हवू लागला, की मामांना त्याच्या हाताबरोबर हात जुळवून घ्यावा लागला.